गाडी तापते, पण हीटर गार हवा फेकतो : इंजिनाचं हेड उतरवायच्या आधी काय तपासू?

नमस्कार. नऊ वर्षं जुनी पेट्रोल गाडी आहे, चार सिलिंडर, १.२ लिटर, १,१२,००० किलोमीटर झालेली. आईला आठवड्यातून दोनदा पहाटे फिजिओथेरपीला न्यावं लागतं, त्यामुळे गाडी नुसती उभी ठेवून भागत नाही. तिच्या गुडघ्यांना गारठा सोसत नाही, म्हणून हीटरही लागतोच.

सिग्नलला थांबत थांबत चालवली तर तापमानाचा काटा मधोमध राहतो. मोकळ्या रस्त्यावर ऐंशीच्या वेगाने पंधरा-वीस मिनिटं गेली की चढायला लागतो, दोनदा लाल पट्टीला टेकला. हीटरचं काही कळत नाही. सुरुवातीला कोमट हवा येते, आणि काटा वर सरकू लागला की तीच हवा गार पडते. इंजिन एवढं तापलेलं आणि पायाशी गार वारा! दोन्ही वेळा लगेच गाडी बाजूला घेऊन बंद केली.

थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावर रेडिएटरकडे पाणी सोडणारी झडप) नवीन बसवून झाला. दोन दिवस बरं वाटलं, मग पुन्हा तेच. पंखा फिरतो, मी स्वतः पाहिलाय. कूलंटच्या (इंजिन गार ठेवणाऱ्या द्रवाच्या) टाकीत पातळी दोन खुणांच्या मध्ये आहे, गाडीखाली थेंब नाही, ऑइल स्वच्छ आहे. सकाळी गाडी सुरू केली की मात्र डॅशबोर्डच्या मागून खळखळ ऐकू येते, अर्धी भरलेली बाटली हलवावी तशी.

गॅरेजवाले म्हणतात हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग (हेड) आणि खालचा ब्लॉक यांच्यामधलं सील, गेलंय, हेड उतरवावं लागेल. लागलं तर उतरवू, पण नुसत्या अंदाजावर इंजिन उघडायला मन धजत नाही. आधी खात्री करून घेता येईल अशी काही चाचणी आहे का? ज्यांनी हे भोगलंय त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

प्रतिसाद १

ताई, हीटर म्हणजे डॅशबोर्डमागे बसवलेला छोटा रेडिएटरच. बहुतेक गाड्यांत थर्मोस्टॅट बंद असला तरी इंजिनातलं गरम पाणी त्याच्याकडे जातच असतं. थर्मोस्टॅट अडकला असता तर गाडी तापली असती, पण हीटरने चांगली गरम हवा दिली असती. इंजिन तापलेलं आणि हीटर गार, म्हणजे गरम पाणी तिथवर पोचत नाहीये. एक तर पाणी कमी होऊन त्या जागी हवा शिरलीय, नाहीतर पंप पाणी फिरवत नाही. तुमची खळखळ ही हवेचीच आहे.

टाकीच्या पातळीवर भरवसा ठेवू नका. गाडी रात्रभर उभी राहू द्या, सकाळी रेडिएटरचं झाकण उघडून टॉर्च मारा. पाणी तोंडापर्यंत दिसायला हवं. गरम असताना झाकणाला अजिबात हात लावायचा नाही. आतलं पाणी दाबाखाली असल्यामुळे १०० अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. झाकण फिरवलं की दाब सुटतो आणि त्याच क्षणी ते उकळून अंगावर उसळतं.

आणि चढलेला काटा वाटेत अचानक खाली आला तर हायसं वाटून घेऊ नका. सेन्सर पाण्यात बुडालेला असावा लागतो. पाणी उतरून तो उघडा पडला की काटा खोटं दाखवतो. हवा गार पडली की तिथेच थांबा.

धागाकर्ती

आज सकाळी झाकण उघडलं तर पाणी दिसेचना. सव्वा लिटर घातलं तेव्हा कुठे तोंडाशी आलं. टाकीतली पातळी मात्र जशीच्या तशी! रेडिएटर एवढा रिकामा असताना टाकी भरलेली कशी? आणि गेलं कुठे हे पाणी?

प्रतिसाद २

इंजिन थंड होताना आतलं पाणी आकसतं आणि झाकणातल्या छोट्या झडपेतून टाकीतलं पाणी परत ओढलं जातं. पण कुठे बारीक गळती असेल तर तिथूनच हवा ओढली जाते, टाकीतलं पाणी जागचं हलत नाही. झाकणाचं रबर गेलं तरी असंच होतं.

गळती शोधायला प्रेशर टेस्ट करून घ्या. थंड इंजिनावर झाकणाच्या जागी हातपंप लावतात आणि झाकणावर लिहिलेल्या दाबाइतकी हवा भरतात, सहसा १ बारच्या आसपास. मग पंधरा मिनिटं दाबाचा काटा बघायचा. उतरला तर ओल शोधायची : होजच्या क्लिपा, पुढच्या सीटखालचं मॅटिंग, आणि विशेषतः वॉटर पंपाच्या खालचं बारीक भोक. सील गेलं की पाणी तिथून बाहेर पडावं म्हणूनच ते ठेवलेलं असतं. गरम इंजिनावर ते जागच्या जागी वाळतं, त्यामुळे जमिनीवर थेंब पडत नाही, नुसती खपली धरते.

हेड गॅस्केटसाठी ब्लॉक टेस्ट. रेडिएटरच्या तोंडाशी साचलेली हवा एका निळ्या द्रावणातून ओढतात. सिलिंडरमधला वायू कूलंटमध्ये शिरत असेल तर त्यातल्या कार्बन डायऑक्साइडने द्रावण पिवळं पडतं. घरी एवढं करा : थंड गाडी सुरू केल्यावर मिनिटभरातच वरचा होज दगडासारखा टणक झाला तर संशयाला जागा आहे. पाणी तापायच्या आत येणारा दाब सिलिंडरमधूनच आलेला असतो.

आजवर कूलंट घालत होतात की नळाचं पाणी? नुसत्या नळाच्या पाण्याने आतून गंज धरतो.

धागाकर्ती

नळाचं पाणी. गेली तीन-चार वर्षं पातळी उतरली की तेच घालत आले. हे आधी कोणी सांगितलं असतं तर!

दुसऱ्या गॅरेजमध्ये दोन्ही चाचण्या माझ्यासमोर झाल्या. द्रावण शेवटपर्यंत निळंच राहिलं. प्रेशर टेस्टला मात्र दहा मिनिटांत १ बारवरून ०.७ वर आलं, आणि पंपाखालच्या त्या भोकातून पाणी पाझरताना दिसलं. पंप काढल्यावर हातात घेऊन पाहिला. इंपेलरची, म्हणजे पाणी ढकलणाऱ्या फिरत्या चक्राची, पाती गंजून निम्मी झालेली, नखाने खरवडलं तर तांबूस पापुद्रे सुटत होते. सिग्नलला इंजिनावर भार कमी, तेव्हा हा झिजलेला पंपही पुरत असणार. ऐंशीला उष्णता वाढली की तो तोकडा पडायचा.

नवा पंप, नवं झाकण, आतून सगळं धुऊन निम्मं कूलंट निम्मं डिस्टिल्ड वॉटर भरलं. काटा आता चढत नाही. पण हीटर अजून कोमटच आहे. आता काय राहिलं?

प्रतिसाद १

हवा राहिलीय. गाडीचं नाक वर येईल अशी चढावर लावा, हीटर पूर्ण गरमवर, ब्लोअर मंद. इंजिन थंड असतानाच झाकण काढा आणि मग सुरू करा. वरचा होज अधूनमधून दाबून सोडत राहा, बुडबुडे येतील. थर्मोस्टॅट उघडला की पातळी एकदम खाली जाते, तेव्हा भरा. बुडबुडे थांबले की झाकण लावा. चेहरा लांब ठेवा, पाणी उसळू शकतं. काही गाड्यांत हवा काढायचा वेगळा स्क्रू असतो, मॅन्युअलमध्ये बघून घ्या.

नंतर हीटरकडे जाणाऱ्या दोन्ही नळ्या हाताने चाचपा. एक गरम आणि दुसरी गार लागली तर गंजाने हीटरची जाळी चोंदलीय, ती उलट्या दिशेने हलक्या दाबाने धुवावी लागेल.

धागाकर्ती

आणखी पाऊण लिटर बसलं. जवळजवळ दहा मिनिटं बुडबुडे येत होते. आता दोन्ही नळ्या हाताला सारख्याच गरम लागतात. काल ऐंशीच्या वेगाने चाळीस किलोमीटर जाऊन आले, काटा मधोमध होता आणि आईने वाटेतच शाल काढून ठेवली. दोघांचेही मनापासून आभार.

दोनदा लाल पट्टीला जाऊन आलेलं हेड आहे, म्हणून आठवडाभर रोज सकाळी ऑइल आणि पातळी बघणार आहे. आज झाकण उघडलं तेव्हा पाणी तोंडापर्यंत होतं.