रिव्हेट गन घसरून पडलेली चंद्रकोर

किटवरून विमान बांधताना रिव्हेट (पत्रे जोडणारी धातूची खीळ) ठोकायची गन घसरली आणि शेजारी चंद्रकोरीसारखी खूण पडली, तर अख्खं स्किन (विमानाचा बाहेरचा पत्रा) बदला असा सल्ला काही जण देतात, तो मला टोकाचा वाटतो. आधी नख फिरवून बघा. २०२४-टी३ आल्क्लॅडच्या (शुद्ध ॲल्युमिनियमचा थर चढवलेल्या मिश्रधातूच्या) ०.०३२ इंची पत्र्यावर हा संरक्षक थर प्रत्येक बाजूला सुमारे ५ टक्के, म्हणजे जेमतेम ०.००१६ इंच असतो. त्यामुळे नख अडकलं तर थर फाटलाय असंच धरा. खुणेच्या कडा ४०० च्या वॉटर पेपरने उतरवा, मग ६०० ने गुळगुळीत करा आणि उघड्या धातूवर प्रायमर मारा. तीक्ष्ण कोपरा राहता कामा नये, तडा तिथूनच सुरू होतो. स्टील वूल मात्र नको. लोखंडाचे कण रुततात आणि गंज धरतो.

उथळ पोचा मागून ठोकून काढायच्या फंदात पडू नका. पत्रा ताणला जातो आणि डब्याच्या बुडासारखा टकटक आत-बाहेर होऊ लागतो. रंगाआधी फिलर भरा, बस्स.

रिव्हेट काढलीच तर १/८ इंचीसाठी ४० नंबरच्या ड्रिलने फक्त डोक्यापुरतंच भोक पाडा, पंचने डोकं मोडा आणि मागून बार (आधाराचा जड लोखंडी ठोकळा) टेकवून रिव्हेटचा दांडा हलक्या हाताने ठोका. भोक मोठं झालं असेल तर एज डिस्टन्स (भोकाच्या मध्यापासून पत्र्याच्या कडेपर्यंतचं अंतर) मोजूनच ५/३२ इंची रिव्हेट घाला. प्रत्यक्ष तडा दिसला तर मात्र किटच्या डिझायनरला विचारा.