मदत हवी: हिवाळ्यात दम्याच्या पेशंटने फिरायला कधी जावं? (चंद्रपूर)

नमस्कार मंडळी,

आईला जुना दमा आहे, वय ६८. पावसाळाभर तिचा पंप कपाटात पडून असतो. दिवाळी आटोपून थंडी पडली की तोच सकाळ-संध्याकाळ घ्यावा लागतो. डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलंय, आणि आईचा हट्ट पहाटेचाच. पण थंडीत फिरून आली की जिना चढतानाच तिच्या छातीतून शिट्टीसारखा आवाज येतो.

कोळशाच्या खाणी, वीज केंद्र, सिमेंट. चंद्रपूरची हवा कशी आहे ते इथल्यांना सांगायला नको. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २००९च्या सर्वाधिक प्रदूषित औद्योगिक भागांच्या यादीत आपण देशात चौथे होतो. पण कारखाने तर बाराही महिने चालतात, मग त्रास थंडीतच का?

वाचून कळलं ते असं: हिवाळ्यात रात्री आकाश मोकळं आणि वारा पडलेला असतो. जमीन भराभर गार होते, तिला लागून असलेली हवाही गार होते आणि वर उबदार हवेचा थर बसतो. खालची जड हवा वर चढत नाही, त्यामुळे शेकोट्यांचा, ट्रकांचा धूर आणि धूळ आपल्या नाकाच्या उंचीवरच कोंडते. ऊन तापलं की थर मोडतो. उन्हाळ्यात धूळ उडते खरी, पण तापलेली हवा उंच जाते आणि धूर पांगतो. पावसात तर बरंच धुऊनच निघतं.

माझं अडतंय ते इथे. उंच चिमण्यांचा धूर रात्री त्या थराच्या वर राहतो आणि सकाळी थर मोडताना खाली उतरतो म्हणे. मग आठ ते दहा ही वेळसुद्धा टाळायची का? दुपारी तीन-चारला नेलं तर बरं पडेल?

दुसरं, एक्यूआयचा (हवेच्या गुणवत्तेच्या निर्देशांकाचा) आकडा चोवीस तासांच्या सरासरीवर काढतात, त्यातून पहाट आणि दुपार यांतला फरक कळत नाही. पीएम २.५चे, म्हणजे हवेतल्या अतिसूक्ष्म कणांचे, तासातासाचे आकडे कुठे आणि कसे बघायचे? खुटाळा एमआयडीसीतल्या हवा मोजणाऱ्या केंद्राचे आकडे शहराच्या उत्तरेला राहणाऱ्यांनी कितपत धरावेत? वाऱ्याची दिशाही बघावी लागेल ना?

गच्चीवरच्या चादरीवर बोट फिरवलं की काळी पूड लागते, पण ती जाड धूळ. फुप्फुसात खोल जाणारे कण डोळ्यांना दिसतच नाहीत. त्यांच्यासाठी एन-९५ मास्क लावून दम्याच्या माणसाने चालणं झेपतं का?

पुढच्या आठवड्यात डॉक्टरांकडे जायचंय, तेव्हा हे विचारीनच. घुग्घुस, बल्लारपूर, दुर्गापूरकडे कुणाच्या घरी दम्याचं माणूस असेल तर थंडीत फिरायची वेळ कोणती ठेवलीत ते कृपया लिहा.