सर्वात मोठी रात्र शांतपणे कशी घालवावी?

सांजवेळ: डिसेंबरातली ती वर्षातली सर्वात मोठी रात्र या खेपेला स्वतःपुरती साजरी करायची आहे. पाहुणे नकोत, गाजावाजा नको. शोधायला गेले तर मेणबत्त्यांच्या रांगा, स्फटिक, बारा पानी संकल्प... बघूनच दमले. नोकरी आहे, दोन लहान मुलं आहेत. तासाभरात बसेल असं कुणी काही करतं का? आणि नेमकं २१ ला की २२ ला?

गच्चीवरची: आधी तारखेचं मिटवू. सूर्य मकरवृत्तावर पोचतो तो एक क्षण असतो, अख्खा दिवस नव्हे. तो कधी २१ ला येतो, कधी २२ ला. आजूबाजूच्या दिवसांच्या लांबीत फरक जेमतेम काही सेकंदांचा, त्यामुळे ज्या संध्याकाळी मोकळीक मिळेल ती धरा. आयर्लंडमध्ये न्यूग्रेंज नावाची सुमारे ५,००० वर्षांपूर्वीची दगडी वास्तू आहे. तिच्या दारावरच्या झरोक्यातून उगवतीचं ऊन थेट आतल्या दालनापर्यंत जातं, तेही या सुमाराला काही दिवस जातं. त्या लोकांना चाललं, आपल्यालाही चालेल.

मी दोनच गोष्टी करते. दुपारी गच्चीवर एक काठी सरळ उभी करते आणि बाराच्या आधीपासून दर दहा मिनिटांनी सावलीच्या टोकाशी खडूने ठिपका देते. सावली सर्वात आखूड होते ती खरी मध्यान्ह. उत्तर गोलार्धात मध्यान्हीची सावली वर्षभरात सर्वात लांब पडते ती याच दिवशी. ठिपके जोडले की रेघ सरळ येत नाही, तिची दोन्ही टोकं काठीपासून लांब पळतात. मार्चमध्ये विषुवदिनी, म्हणजे दिवस-रात्र जवळजवळ सारखे असतात तेव्हा, तोच उद्योग करा, रेघ जवळजवळ सरळ येईल. मला कुठल्याही ध्यानापेक्षा हे जास्त शांत करतं, कारण हाताला काम असतं आणि घाई करून उपयोग नसतो.

दुसरी गोष्ट सूर्यास्ताची. घरातले सगळे दिवे बंद, फोन दुसऱ्या खोलीत, आणि पूर्ण अंधार पडेपर्यंत खिडकीशी बसायचं. पहिली दहा मिनिटं कंटाळा येतो, येऊ द्या. डोळे अंधाराला सरावायला वीस-तीस मिनिटं घेतात. मग कपाटाची कड, पडद्याच्या चुण्या परत दिसायला लागतात. दिवा लावायचा तो शेवटी. सुरुवातीलाच लावलात तर अंधार बघायचाच राहतो. त्या उजेडात एक पान लिहिते: या वर्षात काय संपलं. संपलेलं काम, तुटलेली मैत्री, सुटलेली सवय, जे असेल ते. संकल्प लिहीत नाही, संकल्पांत आपण फार खोटं बोलतो.

घड्याळजी: छान. फक्त 'उद्यापासून सकाळ लवकर' असं मुलांना सांगू नका. मध्यम अक्षांशांवर सर्वात लवकरचा सूर्यास्त याच्या आधीच होऊन गेलेला असतो आणि सर्वात उशिराचा सूर्योदय जानेवारीत होतो. या दिवसांत खरी मध्यान्ह रोज सुमारे अर्ध्या मिनिटाने पुढे सरकते, म्हणून.

गच्चीवरची: बरोबर, म्हणून तर मी घड्याळातल्या बाराला मध्यान्ह न धरता ठिपके देते.

दक्षिणवारा: आम्ही खालच्या गोलार्धातले, आमची मोठी रात्र जूनमध्ये. तोवर तुमचे अनुभव वाचतो.

सांजवेळ: काठीचं पटलं. पण धाकटी अंधारात अर्धा तास गप्प बसणं अशक्य!

गच्चीवरची: तिला गप्प बसवूच नका. पहिला तारा शोधायचं काम द्या, दिसला की ओरडू दे. मोठ्याला दुपारचा खडू द्या. तुमचं पान मुलं झोपल्यावर लिहा, नाहीतर 'काय लिहितेस' करत दोघंही मांडीवर येतील.