पर्यावरणवादी पक्षाची शाखा कशी चालवायची: सोसायटी ग्रुपवरची चर्चा

ए-२०३: नमस्कार. आम्ही आठ जण मिळून एका लहान पर्यावरणवादी पक्षाची स्थानिक शाखा सुरू करतोय. पक्ष नोंदणीकृत आहे, वरून होकार आलाय. आता पहिल्या तीन महिन्यांत नेमकं काय करायचं? इथे संघटनेचं काम जाणणारे बरेच आहेत म्हणून विचारतोय.

ॲडमिन: चर्चा जरूर करा. प्रचार, देणगीचं आवाहन आणि उमेदवाराचे फोटो मात्र या ग्रुपवर नकोत.

सी-१०२: पदं नंतर वाटा, आधी कामं वाटा. आठ जणांत चार कामं पुरतात. निमंत्रक, खजिनदार, सभासद-यादी सांभाळणारा, आणि चौथं काम जे जवळपास कुठलीच शाखा नेमत नाही: सरकारी सूचना वाचणारा. झाडतोड, जमिनीच्या आरक्षणातला बदल, नदीकाठची बांधकामं, सगळ्यांवर हरकती घ्यायला ठरावीक मुदत असते आणि सूचना अशा जागी छापतात की कुणाच्या डोळ्यांत भरू नये. एका माणसाने आठवड्यातून दोनदा, ठरलेल्या वारी, वर्तमानपत्रातल्या जाहीर सूचना, पालिकेचा फलक आणि संकेतस्थळ बघायचं. काही नसेल तर "काही नाही" असं लिहायचं. न लिहिणं म्हणजे न बघणं, असंच धरा.

ए-२०३: काका, उपाध्यक्ष, सचिव, युवा आघाडी वगैरे?

सी-१०२: आठ माणसांत युवा आघाडी कुठून आणणार? पदं जास्त झाली की प्रत्येकाला वाटतं काम दुसरा करतोय.

डी-४०४: मुळात पक्षच कशाला? एनजीओ काढा. हे पक्ष निवडून येत नाहीत.

बी-७०१: दादा, १९७२ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या टास्मानिया बेटावर पेडर सरोवर धरणाखाली जाणार म्हणून तिथल्या लोकांनी युनायटेड टास्मानिया ग्रुप काढला. जगातला पहिला हरित पक्ष बहुतेक जण त्यालाच म्हणतात. त्यांची एकही जागा आली नाही, सरोवरही बुडालं. पण ती फळी टिकली. पुढे त्याच बेटावर फ्रँकलिन नदीचं धरण आलं, तेव्हा तयार माणसं होती. १९८३ मध्ये ते धरण थांबलं. निवेदन एनजीओही देते. मतपत्रिकेवर नाव फक्त पक्ष किंवा उमेदवार आणू शकतो, आणि ज्याच्या मतांवर डल्ला पडतो तो मोठा पक्ष त्या मुद्द्याची दखल घेतो. निवडणूक लढवायचीच नसेल तर मात्र तुमचं बरोबर, एनजीओ काढावी.

ई-६०१: कुठे लढायचं हे ठरवण्याआधी आपली मतपद्धत समजून घ्या. १९८९ च्या युरोपीय निवडणुकीत ब्रिटनच्या ग्रीन पक्षाला सुमारे १५ टक्के मतं पडली आणि जागा शून्य, कारण एका मतदारसंघात एकच विजेता. १९८३ मध्ये पश्चिम जर्मनीत ५.६ टक्क्यांवर २७ जागा मिळाल्या, कारण तिथे ५ टक्क्यांचा उंबरठा ओलांडला की मतांच्या प्रमाणात जागा. आणि २०२४ मध्ये त्याच ब्रिटनमध्ये, तीच जुनी पद्धत असताना, ७ टक्क्यांहून कमी मतांत ४ खासदार आले. सगळा जोर मोजक्या चार जागांवर लावला होता.

डी-४०४: म्हणजे बाकीच्या ठिकाणी उमेदवार द्यायचाच नाही?

ई-६०१: द्या, नाव राहावं म्हणून द्या. पण माणसं, पत्रकं, संध्याकाळी एका वॉर्डात. नाहीतर एक ना धड भाराभर चिंध्या. वॉर्ड निवडताना तीन गोष्टी बघा: मागच्या वेळी किती मतांनी जागा गेली, तिथे आपले सभासद राहतात का, आणि एखादा प्रश्न असा आहे का की जो दारातून दिसतो. हवामानबदल दारातून दिसत नाही. तुंबलेला नाला दिसतो.

ए-२०३: घरोघरी जाण्याचं तंत्र कुणी सांगेल का? आमच्यातल्या कुणीच केलेलं नाही.

ई-६०१: दोघांची जोडी. एक बोलतो, दुसरा लिहितो. जोडीत एक तरी त्याच वॉर्डातला हवा. मतदारयादी रस्त्याप्रमाणे लावून घ्या, सम क्रमांक एका जोडीला, विषम दुसरीला, म्हणजे एकच दार दोनदा वाजत नाही. तासाला वीस-पंचवीस दारं होतात, त्यातली निम्मीही उघडत नाहीत, हे आधी सांगून ठेवा म्हणजे नवे लोक पहिल्याच संध्याकाळी खचत नाहीत. पहिला प्रश्न "आम्हाला मत द्याल का" असा नको. "या भागात काय बदलायला हवं?" असं विचारा आणि गप्प बसा. नोंद पाच खुणांत: पक्का, कल आहे, कुंपणावर, विरोधात, भेटले नाहीत. इथे हमखास चूक होते. समोरचा "छान काम करताय हं" म्हणाला की कार्यकर्ता "पक्का" लिहितो. ते सौजन्य असतं, मत नव्हे. "तुम्हाला मत देणार" हे तोंडून आलं तरच पक्का.

बी-७०१: आणि दारात दिलेला शब्द त्याच रात्री वेगळ्या वहीत. दिवा बंद आहे, चेंबर फुटलाय, जे असेल ते. आठ दिवसांत त्या घरी उत्तर गेलंच पाहिजे, "अर्ज दिलाय, हा क्रमांक" एवढं तरी. उत्तर न देणाऱ्या नव्या पक्षापेक्षा न आलेला पक्ष बरा वाटतो लोकांना.

सी-१०२: मतदानाच्या दिवशी कामाला येते ती पक्क्यांची यादीच. कोण येऊन गेलं ते खुणा करत जा, दुपारनंतर उरलेल्यांना आठवण करा. केंद्राजवळ काय चालतं, काय नाही, त्याचे नियम लेखी घेऊन ठेवा.

ए-२०३: बैठकांचं सांगा. पहिल्या दोन बैठका साडेतीन-साडेतीन तास चालल्या आणि ठरलं काहीच नाही.

बी-७०१: हा या पक्षांचा घरचा आजार आहे. तळातून लोकशाही हवी म्हणून सगळ्यांनी सगळ्यावर बोलायचं, आणि शेवटी ज्याला घरी जायची घाई नाही त्याचं खरं होतं. उपाय साधे आहेत, पाळायला कठीण. महिन्यातला वार ठरलेला, तारीख विचारत बसायचं नाही. वेळ ९० मिनिटं. विषयपत्रिका तीन दिवस आधी, प्रत्येक विषयापुढे मिनिटं आणि "माहितीसाठी", "चर्चेसाठी" की "निर्णयासाठी" ते लिहायचं. जड विषय पहिल्या अर्ध्या तासात. चालक, वेळ बघणारा आणि इतिवृत्त लिहिणारा असे तिघे वेगळे, आणि चालकाने आपलं मत मांडायचं असेल तर त्या विषयापुरती खुर्ची सोडायची.

डी-४०४: एकमत व्हायलाच हवं असा तुमच्या लोकांचा हट्ट असतो ना?

बी-७०१: एकमत म्हणजे सगळ्यांना आवडलं असं नव्हे. क्रम असा: प्रस्ताव लेखी वाचायचा. मग फक्त खुलासा मागणारे प्रश्न, त्यात मत नको. मग शंका. मग प्रस्ताव मांडणारा दुरुस्ती करतो. मग चालक विचारतो: संमत? बाजूला राहणारं कुणी? अडवणारं कुणी? बाजूला राहणं म्हणजे "मला पटलं नाही, पण करा, मी आड येत नाही". अडवणं फक्त तत्त्वाला धक्का लागत असेल तर, आणि कुठल्या तत्त्वाला ते सांगावं लागतं. ऑस्ट्रेलियात कॅनबेराला २००१ मध्ये जगभरच्या हरित पक्षांनी सहा तत्त्वं मान्य केली: पर्यावरणाचं शहाणपण, सामाजिक न्याय, सहभागाची लोकशाही, अहिंसा, शाश्वतता, वैविध्याचा आदर. पत्रकाचा रंग या सहांत बसत नाही. तरीही अडलं तर पुढच्या बैठकीत दोन-तृतीयांश मतांनी निर्णय. ही पळवाट नियमात आधीच लिहून ठेवा. भांडण झाल्यावर लिहायला गेलात तर नियमावरच भांडण होतं.

ए-५०५: बोलण्याची यादीही करा. जर्मन ग्रीन पक्षात बाई-पुरुष आलटून-पालटून बोलतात, आणि १९८६ पासून उमेदवारयादीत विषम क्रमांक स्त्रियांसाठी आहेत. आठ जणांच्या बैठकीतही फरक कळतो. एरवी तेच तिघे बोलतात.

सी-१०२: त्याच जर्मनांची एक फसलेली गोष्टही घ्या. १९८३ ला निवडून आलेल्यांनी दोन वर्षांनी खुर्ची सोडून यादीतल्या पुढच्या माणसाला द्यायची, असा नियम होता. कुणी कायमचा पुढारी होऊ नये हा हेतू चांगला. पण समितीचं काम हाताशी येतं तोच माणूस बदलायचा, आणि येणारा-जाणारा एकमेकांच्या पायात. पक्षाच्या संस्थापकांपैकी एक असलेल्या पेट्रा केली यांनी तर जागा सोडलीच नाही. पुढे तो नियम सैल झाला आणि मग गेला. शाखेत फिरती पदं ठेवा, पण मुदत दोन वर्षं आणि दर वर्षी निम्मीच पदं बदला. खजिनदार हिशेब बंद झाल्यावरच बदला, अधेमधे कधीही नको.

ए-२०३: खजिनदारावरून आठवलं. सध्या पैसे एका सदस्याच्या खात्यात येतायत.

सी-१०२: आज थांबवा. शाखेच्या नावाने, पक्षाच्या परवानगीने वेगळं खातं, सही दोघांची, आणि ते दोघे एका घरातले नकोत. प्रत्येक रकमेला क्रमांकित पावती, रद्द झालेली पावती फाडायची नाही, वहीतच ठेवायची. निनावी देणगी नाही. देणगीदाराची कोणती माहिती कुठल्या रकमेवर द्यावी लागते हे पक्षाच्या मुख्य कार्यालयाकडून लेखी घ्या, कारण शाखेची चूक पूर्ण पक्षाच्या हिशेबात चढते. दर महिन्याच्या बैठकीत एक पान: सुरुवातीची शिल्लक, जमा, खर्च, अखेरची शिल्लक, आणि बँकेच्या उताऱ्याशी जुळलं का. निवडणूक खर्चाची वही वेगळी, पहिल्या दिवसापासून. फुकट मिळालेली जागा किंवा छपाई हीसुद्धा अनेक ठिकाणी देणगीच धरतात.

एफ-३०२: मी पाण्याचं सांगतो. पर्यावरणाच्या शाखा पुराव्यात मार खातात. नाल्याचा काळा फोटो पुरावा नसतो. विरघळलेला प्राणवायू जागेवरच मोजा. बाटलीत पाणी घेऊन घरी आणलंत तर वाटेत आकडा बदलतो. नमुना घेताना बाटली पाण्याखाली भरून पाण्याखालीच बंद करा, आत एक बुडबुडा राहिला तरी आकडा वाढतो. जैविक प्राणवायू मागणी, म्हणजे पाण्यातली घाण कुजवताना जिवाणू किती प्राणवायू वापरतात ते, मोजायचा नमुना बर्फात, अंधारात, त्याच दिवशी प्रयोगशाळेत. जंतूंसाठी निर्जंतुक बाटली, झाकणाच्या आत बोट लागता कामा नये. आणि नमुना तीन ठिकाणी घ्या: सांडपाणी मिसळतं त्याच्या वर, मिसळतं तिथे, आणि खाली. वरचा नमुना नसेल तर समोरचा म्हणणार, पाणी आमच्याकडे येतानाच घाण होतं. प्रत्येक बाटलीवर जागा, तारीख, वेळ, घेणाऱ्याची सही. पाऊस पडून गेला असेल तर तेही.

ए-५०५: झाडांचंही तसंच. "शेकडो झाडं तोडणार" असं पत्रक काढू नका. प्रत्येक झाडाला क्रमांक, जात, छातीच्या उंचीवरचा घेर, जागा, फोटो. दोघांनी वेगवेगळं मोजायचं आणि जुळवायचं. सरकारी यादीत ४० आणि तुमच्या मोजणीत ५७ भरली, तर जास्तीच्या १७ झाडांचे क्रमांक हीच तुमची हरकत. घोषणेपेक्षा ते जड जातं.

डी-४०४: आणि फ्लेक्सवर "प्लास्टिक हटवा" लिहू नका म्हणजे झालं.

ए-५०५: हसू नका, असं घडतं. फ्लेक्स म्हणजे पीव्हीसीचा थर दिलेलं कापड, दोन्ही वेगळं करता येत नाही म्हणून पुनर्वापर जवळपास होत नाही. दुसऱ्यास सांगे ब्रह्मज्ञान. कापडी फलक शिवून घ्या आणि त्यावर तारीख घालू नका, म्हणजे तोच वर्षानुवर्षं चालतो. पत्रक लहान, एकच मुद्दा, दोन्ही बाजूंनी, चकचकीत लेप नको. मुद्रक-प्रकाशकाचं नाव छापायचा नियम आहे का ते छपाईआधी बघा, नंतर हाताने लिहायची वेळ येते.

ए-२०३: सभासद कसे टिकवायचे? अर्ज बरेच आलेत.

बी-७०१: अर्ज आल्यापासून दोन दिवसांत फोन. मेसेज नाही, फोन. आणि त्याला तारीख असलेलं छोटं काम द्या: शनिवारी एका रस्त्यावर पत्रकं, किंवा बैठकीचं इतिवृत्त. "तुम्हाला कळवतो" म्हटलं की माणूस गेला. यादी एकाच जागी ठेवा: नाव, संपर्क, वॉर्ड, सभासदत्व कधी संपतं, काय करायला तयार, माहिती ठेवायला संमती. मुदत संपायच्या महिनाभर आधी आठवण. रागावून सोडणारे थोडे असतात, कुणी विचारलं नाही म्हणून सुटणारे जास्त. आणि या सोसायटीची फोन-यादी उचलून त्यात घालू नका.

ॲडमिन: हे शेवटचं मीही सांगणार होतो.

डी-४०४: व्हॉट्सॲपवर निर्णय घेतले तर बैठका कमी होतील की.

बी-७०१: उलट वाढतात. रात्री अकराला तिघांनी अंगठे दाखवले की तो निर्णय झाला म्हणायचा का, यावर पुढची बैठक जाते. दोन ग्रुप करा. एक फक्त सूचनांचा, लिहिणारे दोघेच. दुसरा गप्पांचा. निर्णय बैठकीतच. तातडीचं असेल तर निमंत्रक, खजिनदार आणि आणखी एक असे तिघे ठरवतील आणि पुढच्या बैठकीत मांडतील, असं नियमात घाला.

ए-२०३: ताई, इतिवृत्ताचा नमुना आहे का?

बी-७०१: चार रकाने. काय ठरलं, कोण करणार, कधीपर्यंत, झालं का. कोण काय बोललं ते लिहू नका, फक्त कुणी अडवलं असेल तर कारणासकट लिहा. "कोण" मध्ये एकच नाव, "सर्वांनी" किंवा "समिती" नाही. बैठक संपल्यावर चोवीस तासांत पाठवा. पुढची बैठक याच कागदाच्या चौथ्या रकान्यापासून सुरू करा. एखादं काम तीन महिने लागोपाठ "नाही" दाखवत असेल, तर माणूस बदला किंवा काम यादीतून काढा.

ए-२०३: पुढची बैठक महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी ठेवतो. सूचना वाचण्याचं काम मी घेतो, सोमवार आणि गुरुवार.

सी-१०२: आज गुरुवार आहे.