मदत हवी आहे: सरकारी रोख्यांच्या (गिल्ट) फंडात अडकलोय, थांबू का निघू?

मंडळी, जून 2025 मध्ये आरबीआयने रेपो (बँकांना कर्ज देण्याचा दर) एकदम अर्धा टक्का कापून 5.5 वर आणला तेव्हा आता बाँडचे भाव पळणार म्हणून लाँग ड्युरेशन गिल्ट फंडात 6 लाख टाकले, आणि झालं उलटंच, आरबीआयचा सूर न्यूट्रल (म्हणजे पुढच्या कपातीची खात्री नाही), मग ट्रम्पचं टॅरिफ, जीएसटी कपात, सरकार जास्त कर्ज काढेल ही धास्ती, यील्ड (रोख्यांवरचा परतावा) वर आणि एनएव्ही (फंडाच्या युनिटची किंमत) खाली. फॅक्टशीटमध्ये ड्युरेशन साडेदहा, म्हणजे यील्ड पाव टक्का चढलं की अडीच टक्के गेलेच (हे आधी बघायला हवं होतं, असो). कस्टमर केअर म्हणतं "लाँग टर्म ठेवा सर". पैसे 2028 ला लागणार, 30 टक्के स्लॅब, एक्झिट लोड (बाहेर पडायचं शुल्क) नाही, एफडी नकोय. तोवरचं व्याज हा खड्डा भरेल का, की आत्ताच तोटा घेऊन 2028 च्या टार्गेट मॅच्युरिटी फंडात (ज्याच्या रोख्यांची मुदत त्याच वर्षी संपते) जाऊ?