फायटर माशाच्या शेपटीची कड झिजते आहे : आधी औषध द्यावे की आधी पाणी पाहावे?

प्रश्न : रंकाळाकाठ

नमस्कार. आमच्याकडे गडद निळ्या रंगाचा एक नर फायटर मासा, म्हणजे बेट्टा, आहे. तो हाफमून प्रकारातला असल्याने त्याची शेपूट आणि पोटाखालचा पर दोन्ही लांब व पसरट आहेत. गेल्या काही दिवसांपासून शेपटीची कड पूर्वीसारखी राहिलेली नाही. खालच्या भागात दोन उभ्या चिरा पडल्या आहेत. वरच्या टोकाला मात्र कड काळसर तपकिरी दिसू लागली आहे आणि तिथला भाग हळूहळू आखूड होत चालला आहे, अशी माझी खात्री होत आली आहे.

मासा पाच लिटरच्या गोल बाऊलमध्ये आहे. तळाला रंगीत खडे आहेत आणि एक प्लास्टिकचे रोप आहे. फिल्टर किंवा हीटर नाही. दर रविवारी सगळे पाणी काढून बाऊल आणि खडे स्वच्छ घासतो व रात्रभर बादलीत ठेवलेले नळाचे पाणी भरतो. मासा खातो आहे, परंतु पाऊस लागल्यापासून तो बराच वेळ तळाशी बसून असतो. दुकानातून एक निळे औषध आणि मीठ टाकण्याचा सल्ला मिळाला आहे. काहींनी तर खराब झालेला भाग कात्रीने कापून टाकावा असेही सुचवले. ही इजा आहे की रोग, औषध लगेच सुरू करावे का आणि गेलेली शेपूट परत येते का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद : करवीरकर

सर्वप्रथम, कात्री अजिबात लावू नका. परांमध्ये रक्तवाहिन्या असतात. घरी कापल्यास ताजी जखम होते आणि जंतूंना आणखी एक वाट मिळते.

तुमच्या वर्णनात दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्या वेगळ्या करून पाहिल्या की पुढचे बरेचसे सोपे होते. खालच्या दोन उभ्या चिरा, जर त्यांच्या कडा स्वच्छ असतील आणि रंग बदललेला नसेल, तर त्या फाटण्याच्या आहेत. पराच्या काड्यांमधले पातळ पटल कशाला तरी अडकून उसवले आहे. संशय प्लास्टिकच्या रोपावर घ्यावा. जुन्या जॉर्जेटच्या ओढणीचा तुकडा त्या रोपाच्या पानांवरून हलकेच ओढून पाहा. एखादा जरी धागा अडकला, तर ते रोप या माशासाठी योग्य नाही. वरच्या टोकाची काळसर, खालीवर झालेली आणि रोज थोडी मागे सरकणारी कड मात्र पर कुजण्याचे, म्हणजे फिन रॉटचे, लक्षण आहे. तिसरी शक्यता अशी की काही लांब परांचे नर स्वतःचीच शेपूट चावतात. त्यात एका रात्रीत अर्धगोल लचका नाहीसा होतो आणि कड रंग न बदलता सरळ तुटलेली दिसते. तुमच्याकडे झीज हळूहळू होते आहे, त्यामुळे ही शक्यता मला कमी वाटते.

फिन रॉट घडवणारे एरोमोनास आणि स्यूडोमोनास यांसारखे जिवाणू पाण्यात एरवीही असतातच. निरोगी माशाला ते सहसा काही करत नाहीत. माशाची प्रतिकारशक्ती खालावली की तेच जिवाणू परांच्या कडेपासून सुरुवात करतात. म्हणून प्रश्न जिवाणू कुठून आले हा नसून मासा अशक्त कशाने झाला हा आहे, आणि त्याचे उत्तर तुमच्या बाऊलमध्येच आहे असे मला वाटते.

माशाच्या कल्ल्यांतून आणि विष्ठेतून अमोनिया सतत पाण्यात उतरत असतो. जुन्या, स्थिरावलेल्या टाकीत फिल्टरच्या स्पंजवर आणि खड्यांवर वाढलेले उपयुक्त जिवाणू या अमोनियाचे आधी नायट्राइट आणि मग त्या मानाने निरुपद्रवी असे नायट्रेट करतात. ही वसाहत तयार व्हायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. तुम्ही दर रविवारी खडे घासून धुता तेव्हा ती मुळातच बसू शकत नाही, त्यामुळे सोमवारपासून शनिवारपर्यंत पाच लिटरच्या त्या पाण्यात अमोनिया साचत जातो आणि रविवारी मासा एकदम वेगळ्या तापमानाच्या व वेगळ्या गुणधर्माच्या पाण्यात पडतो. त्यातच तुमचे पाणी बोअरचे असेल किंवा त्यात मिसळलेले असेल, तर ते बहुधा जड असते आणि त्याचा पीएच, म्हणजे पाण्याचा आम्ल-अल्कपणा दाखवणारा आकडा, जास्त असतो. पीएच सातवरून आठवर गेला की तेवढ्याच अमोनियातला विषारी भाग सुमारे दहापट होतो.

दुसरे कारण थंडी. बेट्टा हा मूळचा थायलंडच्या उथळ, संथ आणि उबदार पाण्यातला मासा आहे. त्याला 25 ते 28 अंश सेल्सियस पाणी मानवते. कोल्हापुरात हीटरची गरज फक्त डिसेंबर-जानेवारीत भासते असा समज आहे, पण जुलै-ऑगस्टच्या झडीत सूर्यदर्शन होत नाही आणि घरातले पाणी आठवडेच्या आठवडे 22-23 अंशांवर राहते. त्या तापमानाला माशाची हालचाल मंदावते, पचन मंदावते आणि प्रतिकारशक्तीही मंदावते. तळाशी बसून राहणे हे त्याचेच लक्षण असू शकते.

तेव्हा माझा आग्रह असा, की औषधाची बाटली आजच्या दिवस बाजूला ठेवा आणि पाणी हातात घ्या. रोज किंवा निदान दिवसाआड निम्मे पाणी बदला. नवे पाणी बाऊलमधल्या पाण्याइतकेच कोमट असावे आणि त्यात बाटलीवरच्या मात्रेनुसार अँटी-क्लोरीन घातलेले असावे. क्लोरीन रात्रभर उघड्या बादलीत बराचसा उडून जातो हे खरे, पण पावसाळ्यात नदीचे पाणी गढूळ झाले की शुद्धीकरणात तुरटी आणि क्लोरीन दोन्ही वाढवावे लागतात, त्यामुळे या दिवसांत केवळ बादलीवर विसंबू नये. टाकी शक्य तितक्या लवकर वीस लिटरच्या आसपासची घ्या, झाकणासह. या माशाला कल्ल्यांखेरीज डोक्यात हवेतून श्वास घेणारा अवयव असतो, त्यामुळे पाण्यावरची हवाही उबदार राहिलेली त्याला बरी. शिवाय बेट्टा उडी मारतो. या टाकीत 25 वॅटचा हीटर आणि एक स्पंज फिल्टर पुरेसा आहे. फिल्टरची हवा झडपेने कमी करून ठेवा, कारण जोराच्या प्रवाहाशी झगडताना लांब परांचा मासा थकतो. हीटरवरच्या आकड्यावर विश्वास न ठेवता स्वतंत्र थर्मामीटर लावा आणि पाणी काढण्यापूर्वी हीटरचे बटण न विसरता बंद करा. तापलेली काच पाण्याबाहेर आली तर तडकते.

शेपूट परत येते का, तर येते. कूज परांच्या मुळापर्यंत, म्हणजे अंगापर्यंत, पोहोचलेली नसेल तर पटल आणि काड्या दोन्ही वाढतात. मात्र त्याला काही आठवडे, हाफमूनच्या बाबतीत कधी काही महिनेही लागतात.

प्रतिसाद : जुनी पेठ

वरील प्रतिसादाशी मी सहमत आहे. फक्त मीठ आणि निळे औषध यांबद्दल सविस्तर लिहिणे आवश्यक वाटते, कारण दुकानातून हे दोन्ही एकत्र दिले जातात आणि लोक दोन्ही एकाच वेळी मुख्य टाकीत ओततात.

निळे औषध बहुधा मेथिलीन ब्लू असणार. त्याचा खरा उपयोग बुरशीवर आणि अंडी बुरशीपासून वाचवण्यासाठी आहे. जिवाणूंमुळे होणाऱ्या फिन रॉटवर त्याचा भरवसा धरता येत नाही. उलट फिल्टरमधली उपयुक्त जिवाणूंची वसाहत ते मारते आणि अमोनियाचा प्रश्न पुन्हा पहिल्या पायरीवर येतो. टाकीच्या सांध्यांवरचे सिलिकॉन कायमचे निळे होते ते वेगळेच. द्यायचेच असेल तर वेगळ्या भांड्यात द्या.

मिठाचा उपयोग होतो, पण तो मोजून आणि मुदतीपुरता केला तर. मासा गोड्या पाण्यातला असल्याने बाहेरचे पाणी सतत त्याच्या अंगात शिरत असते व ते बाहेर टाकण्यात त्याची शक्ती खर्च होते. पाण्यात थोडे मीठ असले की हा ताण हलका होतो आणि काही जंतूंची वाढही रोखली जाते. प्रमाण लिटरला एक ग्रॅम, म्हणजे तुमच्या पाच लिटरला एक सपाट चहाचा चमचा. साधे खडेमीठ कुटून घ्या, आधी थोड्या पाण्यात पूर्ण विरघळवा आणि दिवसभरात दोन-तीन वेळा विभागून घाला. मीठ बाष्पासोबत उडत नाही. पाणी आटले म्हणून वरून नुसते पाणी घालायचे असते, आणि पाणी बदलताना दोन लिटर काढले तर फक्त त्या दोन लिटरांपुरतेच मीठ घालायचे असते. येथेच बहुतेकांचा हिशेब चुकतो आणि खारेपणा वाढत जातो. आठ-दहा दिवसांपेक्षा जास्त मीठ ठेवू नका, आणि टाकीत जिवंत वनस्पती असतील तर मासा बाहेर काढून वेगळ्या भांड्यातच हा उपचार करा.

अँटिबायोटिकचा विचार केव्हा करावा, तर कूज अंगाकडे झपाट्याने सरकत असेल, परांत लाल रेषा दिसत असतील, किंवा मासा खायचा थांबला असेल तेव्हा. माणसांच्या कॅप्सूल फोडून अंदाजाने पाण्यात टाकणे मात्र कटाक्षाने टाळा. अर्ध्यावर सोडलेल्या मात्रेने जिवाणू मरत नाहीत, ते निर्ढावतात. पाठीवर खोगिरासारखा पांढुरका पट्टा उमटला तर तो बहुधा कॉलमनॅरिस नावाचा वेगळा संसर्ग असतो. तो उबदार पाण्यात जोमाने पसरतो, म्हणून अशा वेळी हीटर वाढवू नये. मासे पाहणाऱ्या पशुवैद्यकांना तातडीने विचारावे.

प्रतिसाद : पाणवनस्पती

देशी बदामाच्या पानांचा उल्लेख राहिला आहे. आपल्याकडे शाळांच्या आवारात आणि रस्त्याकडेला आडव्या फांद्यांचे, लालसर पाने गाळणारे जे मोठे झाड असते ते हेच. गळून पूर्ण वाळलेले तपकिरी पान स्वच्छ धुऊन वीस लिटरला एक या प्रमाणात टाकावे. पाणी फिक्या चहाच्या रंगाचे होते. त्यातल्या टॅनिनमुळे पीएच किंचित उतरतो आणि जंतूंची वाढ थोडी आटोक्यात राहते. कीटकनाशक फवारलेल्या बागेतले किंवा वर्दळीच्या रस्त्यावरचे धुळकट पान घेऊ नये. याला मी उपचार म्हणणार नाही, पाणी बदलण्याला पर्याय तर मुळीच नाही, परंतु माशाला त्या गडद पाण्यात आडोसा मिळतो आणि तो शांत राहतो हे निश्चित. प्लास्टिकच्या रोपाऐवजी अनुबियास किंवा जावा फर्न लावा. दोन्हींना फारसा उजेड लागत नाही आणि त्यांची रुंद पाने परांना बोचत नाहीत. अनुबियासचे पान पाण्याच्या पृष्ठभागाजवळ आले की बेट्टा त्यावर येऊन विसावतो.

रंकाळाकाठ

सर्वांचे मनःपूर्वक आभार. पाणी तपासले असता अमोनिया स्पष्टपणे आढळला आणि सकाळचे तापमान 22 अंश होते. त्यानंतर वीस लिटरची टाकी, हीटर आणि स्पंज फिल्टर लावला, ओढणीचा धागा अडकल्याने जुने रोप काढून टाकले, आणि मिठाचा उपचार सांगितलेल्या मुदतीतच थांबवला. काळी कड पुढे सरकणे थांबले आहे व मासा पुन्हा वर येऊन फिरतो. आता मात्र त्याच कडेवर एक पांढुरकी, जवळजवळ पारदर्शक पट्टी दिसते आहे. ही बुरशी तर नव्हे?

प्रतिसाद : जुनी पेठ

टाकीच्या मागच्या बाजूने टॉर्चचा उजेड धरा आणि समोरून पाहा. पट्टी सपाट, पातळ आणि आरपार दिसणारी असेल व तिच्यात शेपटीच्या काड्या पुढे वाढत गेलेल्या दिसत असतील, तर ती नवी वाढ आहे; रंग त्यात नंतर भरतो. बुरशी असेल तर ती कापसासारखी तंतुमय दिसते, कडेच्या बाहेर फुगून येते आणि मासा हलला की तिचे तंतू वेगळे हलतात.

नवे पटल अत्यंत नाजूक असते, म्हणून या काळात जाळीने मासा पकडू नका. हलवायचाच झाला तर पेल्यात पाण्यासकट घ्या. पर फुलवावेत म्हणून आरसाही दाखवू नका. नवी टाकी अजून स्थिरावलेली नाही, त्यामुळे अमोनिया आणि नायट्राइट सलग काही दिवस शून्य दिसेपर्यंत दिवसाआड तपासणी चालू ठेवा आणि काही आढळले की त्याच दिवशी पाव ते एक तृतीयांश पाणी बदला. त्यानंतर आठवड्याला तेवढे बदल पुरेल. स्पंज नळाखाली धुऊ नये, टाकीतून काढलेल्या पाण्यातच हलकेच पिळावा. खाद्य प्रथिनयुक्त असावे, दिवसातून दोनदा दोन-तीन दाणे, आणि न खाल्लेला दाणा लगेच काढावा. वाढलेल्या काड्या काही ठिकाणी वाकड्या राहिल्या तरी त्याला अपाय नाही, त्या सरळ करण्यासाठी कोणतेही औषध घालू नका.