'नववा लागणे' आणि 'दिवस भरणे'

प्रश्न (तासगाव) : माझ्या वहिनीला गेल्या आठवड्यात नववा महिना लागला. घरातली वडीलधारी माणसे "आता दिवस भरले" असे म्हणत आहेत, तर दवाखान्यातल्या सिस्टर "अजून भरले नाहीत" असे म्हणाल्या. यातले बरोबर काय समजावे?

उत्तर : सिस्टरांचे बरोबर आहे, आणि ते भाषेच्या दृष्टीनेही बरोबर आहे. 'लागणे' ही सुरुवात आणि 'भरणे' ही पूर्तता. मुलाला पाचवे वर्ष लागते तेव्हा त्याची चारच वर्षे पूर्ण झालेली असतात. तसाच नववा महिना लागतो तेव्हा आठच महिने भरलेले असतात.

शेवटची पाळी 1 जानेवारीला आली होती असे धरू. 1 सप्टेंबरला नववा लागेल, पण त्या दिवशी 243 दिवस, म्हणजे 34 आठवडे 5 दिवसच झालेले असतील. 37 आठवडे 17 सप्टेंबरला पूर्ण होतात आणि त्याआधी जन्मलेले मूल अपुऱ्या दिवसांचे मानले जाते. म्हणजे नववा लागूनही पहिला पंधरवडा अपुराच असतो. पूर्वी 37 आठवड्यांनंतरची सगळीच बाळंतपणे पूर्ण दिवसांची म्हणत; परंतु 2013 साली अमेरिकेतील प्रसूतितज्ज्ञांच्या संघटनेने 39 आठवड्यांपासून 40 आठवडे 6 दिवसांपर्यंतच्या काळालाच 'पूर्ण मुदत' म्हणावे असे ठरवले, कारण फुप्फुसांची आणि मेंदूची वाढ शेवटच्या आठवड्यांतही चालूच असते. आपल्या उदाहरणात 39 आठवडे 1 ऑक्टोबरला, म्हणजे बरोबर नऊ महिने भरतात त्याच दिवशी पूर्ण होतात. 'भरणे' हे क्रियापद आपल्या आज्या-पणज्यांनी किती नेमके योजले होते, हे पाहून मला फार आनंद होतो.

प्रश्न (कराड) : मग 'नऊ महिने नऊ दिवस' याचा मेळ कसा बसतो? आणि गर्भ राहण्याआधीचे दिवस कशासाठी धरायचे?

उत्तर : दवाखान्यातला हिशेब नऊ महिने सात दिवसांचा, म्हणजे सुमारे 280 दिवसांचा आहे, नेगेले या जर्मन प्रसूतितज्ज्ञाच्या नावाने तो ओळखला जातो. त्याप्रमाणे वरच्या उदाहरणात 8 ऑक्टोबर ही तारीख येते, आणि नऊ महिने नऊ दिवस धरले तर 10 ऑक्टोबर. दोनच दिवसांचा फरक. प्रत्यक्षात नेमक्या तारखेला होणारी बाळंतपणे शंभरात चार-पाचच असतात.

दुसऱ्या शंकेचे उत्तर तासगावच्या द्राक्षबागायतदाराला विचारावे. तो घडाचे वय फुलोऱ्यापासून मोजत नाही, "छाटणीला आज किती दिवस झाले" असेच विचारतो. कारण छाटणीची तारीख त्याने स्वतः वहीत लिहिलेली असते. पाळीची तारीखही तशीच बाईच्या ठाऊकीतली असते, गर्भ नेमका कधी राहिला ते मात्र सहसा सांगता येत नाही. पाळी अनियमित असेल, तर सुरुवातीच्या महिन्यांतल्या सोनोग्राफीवरून तारीख ठरवतात.

या दोन क्रियापदांची गल्लत महागात पडते, म्हणून एवढे लिहिले. आमच्या नात्यात "नववा लागलाच आहे" म्हणून चांगल्या मुहूर्तावर सिझेरियन करवून घेतले. बाळाला धाप लागली आणि बारशाच्या दिवसापर्यंत ते दवाखान्यातल्या काचेच्या पेटीतच राहिले. पाळण्याला बांधलेली फुले तशीच सुकली. आईचा रक्तदाब वाढला किंवा बाळाची हालचाल मंदावली, तर लवकर बाळंतपण करावे लागते. तो निर्णय डॉक्टरांचा, पंचांगाचा नव्हे. दिवस भरण्याआधी कळा सुरू झाल्या किंवा पाणी गेले, तरीही वाट न पाहता दवाखाना गाठावा. 41 आठवड्यांनंतर 'दिवस वर गेले' असे म्हणतात आणि तेव्हा तपासण्या वाढवाव्या लागतात.

वहिनींच्या माता व बाल संरक्षण कार्डावर पाळीची तारीख असेलच. त्या तारखेपासून आठवडे मोजा, आणि घरात सांगताना "नववा चालू आहे, अजून भरायचा आहे" असे सांगा.